दिवसाला तीन फरश्या

तीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवणाऱ्या मिस्त्रींची कंबर दोन वर्षांपूर्वी रुसली, ती रुसलीच. तपासण्या झाल्या, हाडंबिडं ठीक निघाली, पण खाली वाकायचं म्हटलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा. मोजे घालायलासुद्धा बायको लागायची. त्यात लेकीने नवं घर घेतलं आणि हटून बसली, "स्वयंपाकघराची फरशी बाबांनीच बसवायची. नाहीतर राहू दे तसंच सिमेंट." मिस्त्री सुखावले आणि मनातून टरकलेही.

फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना अजबच औषध दिलं. पाठीवर पडायचं, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात वाकून एक फरशी बसवायची. रोज दहा मिनिटं. त्यानंतर हलका व्यायाम.

"मनात बसवलेल्या फरशीवर कुणी पाय ठेवत नाही हो बाई," मिस्त्री म्हणाले. पण घरी जाऊन त्यांनी ते केलं.

पंधरा दिवस झाले, दुखणं होतं तिथेच. बाईंनी विचारलं, "मनात नेमकं काय दिसतं तुम्हाला?"

"झकास दिसतं की. माझा जोडीदार वाकून फरशी बसवतोय आणि मी दारात उभा राहून सांगतोय, डावीकडे घे, अजून जरा ठोक."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मनातसुद्धा मुकादमी? अशाने पाठ त्याची सुधारेल! स्वतः वाका."

मिस्त्री ओशाळले. खरं तर तिथेही वाकायची त्यांना भीतीच वाटत होती. त्या संध्याकाळी त्यांनी मनातल्या जोडीदाराला सुट्टी दिली आणि स्वतः खाली बसले. पहिल्या दिवशी नुसत्या विचारानेच कळ आली. दुसऱ्या दिवशी जरा कमी. आठवड्याभरात तळव्याला सिमेंटचा ओला माल गार लागायला लागला, रबरी हातोड्याची ठकठक मनगटात जाणवायला लागली. मग टेबलाला धरून खरंखुरं अर्धं वाकणं, मग न धरता, मग पुरतं. ज्या दिवशी मोजे स्वतः घातले, त्या दिवशी बायकोने ती बातमी शेजारीपाजारी जाऊन सांगितली.

अखेर बाईंनी परवानगी दिली, पण दिवसाला तीनच फरश्या. लेकीच्या स्वयंपाकघराला लागणार होत्या साठ! वीस दिवस तिने बाहेरच्या खोलीत शेगडी मांडली आणि जावयाची कुरकुर नुसत्या डोळ्यांनी बंद केली. मिस्त्री रोज सकाळी बायकोला घेऊन येत, तीन बसवत आणि हात शिवशिवत असूनही मुकाट घरी जात.

विसाव्या दिवशी ओट्याखालची शेवटची फरशी बसली, अगदी अडचणीतल्या कोपऱ्यात. मिस्त्रींनी लेव्हलची पट्टी ठेवून पाहिली, आतला बुडबुडा बरोबर मध्यावर. त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर कसलंच भान राहिलं नाही. मग दोन वर्षांच्या सवयीने त्यांनी उठण्यासाठी हात पुढे केला. एरवी बायको तो हात धरून त्यांना ओढून उठवायची. आज तिच्या हातात चहाचा कप होता आणि ती जागची हललीच नाही, नुसती बघत राहिली.

"अगं, धर ना!"

"कुणाला धरू?" ती म्हणाली. "उभे आहात की तुम्ही!"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. दोन्ही पाय सरळ होते, हात तेवढा अजून पुढे होता. लेक हसता हसता रडायला लागली. बायकोने त्या हातात चहाचा कप दिला.