कुकर आहे, म्हणून गरीब नाही

मित्रांनो, मी एका मुठीचा, बुडाशी काळा पडलेला प्रेशर कुकर. पांढरकवड्याच्या बाजारातून मैनाबाईनं निंदणाच्या मजुरीतून मला घरी आणलं. दिवसभर कापूस वेचून आली, की ती माझ्यात तुरीची डाळ लावायची. माझी शिट्टी ऐकून शेजारच्या बाया कौतुकानं डोकावायच्या. काय रुबाब होता माझा!

मग कापसावर बोंडअळी पडली, भावही पडले. डाळ गेली आणि माझ्यात नुसत्या ज्वारीच्या कण्या शिजू लागल्या. रबर कडक झालं, शिट्टी मुकी झाली.

अशात गरिबांची मोजणी आली. घरातल्या वस्तूंना गुण होते. गुण वाढले की घर गरीब राहत नव्हतं, स्वस्त धान्य बंद.

शेजारचे बबनराव धावत आले. "मैना, कुकर कडब्यात लपव! मोजणीवाला येऊन राह्यला."

"कायले लपवू? चोरून आणला का मी?"

तिनं मला अंगणातल्या चुलीवरच ठेवलं. मोजणीवाल्यानं पाहिलं, लिहिलं आणि तो गेला. यादीत मैनाबाईचं नाव आलं नाही.

ती यादी ग्रामसभेत मंजुरीला आली, तेव्हा मैनाबाईनं मला उचललं आणि थेट यादी घेऊन आलेल्या साहेबाच्या टेबलावर ठेवलं. झाकण काढलं. आत पातळ कण्या.

"साहेब, कुकर मोजला. आत काय शिजते, ते काहून नाही पाह्यलं?"

साहेब वाईट माणूस नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "बाई, तसा रकानाच नाही."

मागून विधवा सोनीबाई उठली. "माह्या घरी पंखा लिवला. घरात लाइन कुठी हाय?"

सभेत हशा पिकला. मैनाबाई म्हणाली, "रकाना नाही, तं आमचा अंगठा बी नाही."

मंजुरीसाठी एकही हात वर झाला नाही. यादी परत गेली. फेरतपासणीत सोनीबाईचं नाव चढलं. मैनाबाईचं तेव्हाही नाही, माझे गुण कायम होते.

"लपवला असता तं?" बबनराव हळहळले.

"माह्या कष्टाची वस्तू हाय," ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं मला नवं रबर बसवलं, राखेनं लख्ख घासलं आणि सगळ्यांना दिसेल असं ओट्यावर मांडलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही शिकाल, साहेब व्हाल, घरं मोजायला निघाल. दारातून कुकर पाहून परत फिरू नका, झाकण उघडायला सांगा. आतून रिकामा कुकर आचेवर राहिला की फार जळतो. हे मी सोसलंय, म्हणून ठणकावून सांगतो.