न हलणारं काळीज

आभाळ कोसळलं तरी उदयसिंह पाटलांचं काळीज हलायचं नाही, ही गोष्ट अख्ख्या मंगळवार पेठेत सिद्ध झालेली होती. सिद्ध करणारे खुद्द उदयसिंहच, आणि सध्या ते बनियन गळ्याशी गुंडाळून, छातीवर ईसीजीच्या चिकटपट्ट्या लावून डॉक्टर त्रिशलाताईंच्या दवाखान्यातल्या पलंगावर उताणे पडले होते.

जोतिबाची यात्रा आठ दिवसांवर आलेली. पाटील भावकीची उंचच उंच सासनकाठी देवापुढं नाचवायचा मान तीस वर्षं त्यांचा. सकाळी सरावाला काठी उचलून उभे राहिले, आणि काठीच्या आधी तेच आडवे झाले. चुलतभाऊ जोतीरामनं रिक्षात घालून आणलं. दोन घरांमधल्या गटारीवरून दोघांचं सात वर्षं बोलणं बंद, त्यामुळं भांडण डॉक्टरांमार्फत चाललं होतं.

"डॉक्टर, त्येला सांगा, सोंग पुरं."

"त्येला सांगा, माझ्या काठीवर डोळा हाय त्येचा!"

"दोघंही गप्प. काका, पाच सेकंद श्वास आत... पाच सेकंद बाहेर."

मिनिटभर खोलीत उदयसिंहांच्या श्वासातून फक्त भावकीचा राग ऐकू येत होता.

"बघा," उदयसिंह म्हणाले, "ठोका जरा बी हलला न्हाई. घड्याळ हाय घड्याळ!"

"तेच वाईट आहे, काका. श्वास घेताना ठोके वाढायला हवेत, सोडताना कमी व्हायला हवेत. तुमचे जागचे हलत नाहीत. वीस वर्षांच्या शुगरनं हृदयाच्या नसा दुखावलेल्या दिसतात. अजून तपासण्या करू. पण अशानं उभं राहिलं की भोवळ येते, अटॅक आला तरी दुखत नाही. काठी बंद."

"औंदा?"

"कायमची समजा."

जोतीराम तीस वर्षं ह्याच वाक्याची वाट बघत होता. आता तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

छातीवरच्या चिकटपट्ट्या उपटत उदयसिंह म्हणाले, "त्येला सांगा डॉक्टर, नाचवताना काठी डावीकडं झुकती."

"त्येला सांगा, म्हाईत हाय. तीस वर्षं बघतोय की."

उदयसिंह पलंगाची कड धरून सावकाश उठले. जोतीरामनं पुढं केलेला हात त्यांनी झटकला. छाती काढून, कुणाकडंही न बघता ते दारापर्यंत गेले, आणि तिथं थांबले.

"जोत्या."

सात वर्षांनी थेट हाक आली. जोतीरामनंही उत्तर डॉक्टरांमार्फत धाडलं नाही.

"काय?"

"पायात चप्पल हाय का बघ जरा. पायाला काय बी कळंना झालंय."