इनिशडारच्या पेटीतला आकडा

मतमोजणी सुरू झाली आणि काहल नेहमीसारखा मोजणी केंद्राच्या कठड्यावरून ओणवा झाला. हातात पेन्सिल, कागदावर दोन रकाने. पेटी उघडली की कुठल्या गावानं काय कौल दिला ते टिपायचं, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. एकदा सगळ्या पेट्यांचे कागद मिसळले की सरकारदरबारी गावाचा वेगळा आकडा उरत नाही. मोठ्या पेट्यांवर टिपणाऱ्यांची झुंबड असते. आयर्लंडच्या टोकाला असलेल्या त्याच्या इनिशडार बेटाच्या तेवीस मतांकडे बघायला कोणाला वेळ आहे? बेटाचा आकडा माहीत असणारा माणूस एकटा काहल. त्यानं तो आजवर कधी खोटा सांगितला नव्हता.

आज मोजणी होती त्याच युरोपीय संघाच्या करारावर गेल्या वर्षी जूनमध्ये बेटानं तेविसाच्या तेवीस ‘नाही’ दिले होते. सॅमन माशांची जाळी ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, दडपणानं बंद झाली, तो राग होताच. सगळ्या आयर्लंडनंच ‘नाही’ म्हटलं. आणि झालं काय? मोठ्या देशांनी नाकं मुरडली, आपलं सरकार चार आश्वासनं घेऊन आलं, आणि सोळा महिन्यांत तोच करार पुन्हा मतदानाला.

“एकदा नाही म्हटलं ना? मग नाही म्हणजे नाही,” काहल पबमध्ये गरजला होता. “हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं, याला काय लोकशाही म्हणतात?” सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्याचा जिवलग मॅनस तर टेबलावर मूठ आपटून उठला होता.

पेटी उघडली. होय. होय. होय. काहलला वाटलं, पेट्यांची अदलाबदल झाली. त्यानं पेटीवरचं नाव पुन्हा वाचलं. बावीस होय, एक नाही. ते एक त्याचं स्वतःचं.

परतीच्या बोटीत त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. बँका गाळात गेल्या होत्या, पोरं कामासाठी ऑस्ट्रेलिया गाठत होती. माणसं घाबरली असतील हे त्यालाही कळत होतं. पण मग तोंडावर माना कशाला डोलवायच्या? 

धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं. देश ‘होय’ म्हणाला हे रेडिओवर कळलंच होतं. ओढ होती ती बेटाच्या आकड्याची.

“बोल, काहल,” मॅनस म्हणाला. “आपलं काय?”

“बावीस ‘नाही’,” काहल म्हणाला. “एक ‘होय’.”

त्याला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, लेका, चेष्टा करतोस काय, आणि मग एकेकाला धारेवर धरता येईल. पण सगळे खाली बघायला लागले. तो एक कोण, हेही कोणी विचारलं नाही. काहलच्या हळूहळू लक्षात आलं, यांच्यातल्या प्रत्येकाला तो एक म्हणजे आपणच वाटतोय.

मॅनसनं त्याला बाजूला ओढलं. “गड्या, माझं होतं ते. धीर सुटला माझा. कोणाला सांगू नकोस, तोंड दाखवायला जागा राहायची नाही.”

काहलनं खरं सांगायला खिशातल्या कागदाला हात घातला, पण तो बाहेर काढला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि ते मागे कसं घ्यायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

घरी बायकोनं, सोर्खानं, त्याच्यापुढे मासा आणि उकडलेले बटाटे ठेवले आणि ती उभीच राहिली.

“त्या एकाला शिव्या घालू नकोस,” ती म्हणाली. “मी होते ती.”

“मला का नाही बोललीस?”

“बोलू देतोस कुठे? कोणी ‘पण’ म्हटलं की तू ब्रसेल्सचा दलाल म्हणून मोकळा. सगळं बेट तुझ्या बाजूनं, आणि तुझ्याच घरात मी फितूर. दोन दिवस झोप नाही मला.”

काहलनं ताट बाजूला सारलं. खिशातला कागद काढून तिच्यापुढे उलगडला.

“तू एकटी नव्हतीस. मी धक्क्यावर उलटं सांगितलं. बावीस होय आहेत. नाही म्हणणारा मी एकटा.”

सोर्खानं दोन्ही रकाने पुन्हा पुन्हा वाचले आणि ती खुर्चीत बसली.

“बावीस जण,” ती म्हणाली. “आणि तुला सांगायची एकाचीही छाती झाली नाही?”