शिसं उतरवणारे मास्तर

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली दरीत शिसं वितळवणारा कारखाना, वर डोंगरावर आमचं गाव. पोरांच्या रक्तात शिसं निघालेलं, आणि ते उतरवायला उभे होते किर्चेव मास्तर, शाळेत मला रसायनशास्त्र शिकवणारे!

पडदे ओढलेले. माझ्या भाचीच्या, यानाच्या, डोक्यावर चादर घालून वर परात धरली होती. मास्तरांनी परातीतल्या पाण्यात वितळलेलं शिसं ओतलं. चर्रकन आवाज झाला. भीती काढायला आमच्या आज्या हेच करायच्या. मग टॉवेलनं यानाचा तळहात पुसून त्यांनी जांभळा दिवा धरला. तळहात नारिंगी उजळला.

"शिसं गेलं, उजेड आला!" मास्तर गरजले. "चला, पुढचं पोर आणा!"

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"ताई, औषध बंद केलं मी," बहीण रुमेना डोळे पुसत म्हणाली. "दवाखान्यात नुसत्या सुया टोचून रडवतात पोरीला."

तळहातावरचा तो नारिंगी रंग मी ओळखत होते. राजधानीत, सोफिया शहरातल्या प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून मी ते उजळणारे स्फटिक बनवले होते: शिसं नसलेलं पेरोव्स्काइट, त्यात कणभर मँगनीज. त्याची बरणीभर पूड मीच मास्तरांना दिली होती, वर्गात मुलांना दाखवायला.

"मास्तर, टॉवेल द्या जरा."

"नेवेना, खाली बस. इथे लुडबूड नको."

"लुडबूड मी तुमच्याच वर्गात शिकले."

टॉवेल हिसकावून मी परातीतला शिशाचा गोळा खसाखसा पुसला आणि दिव्याखाली धरला. गोळाही नारिंगी उजळला.

"बघा! हे तर नुसतं शिसंच आहे. यातलंही गेलं का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी सांगितलं, "टॉवेलात पूड आहे. दिव्याचे न दिसणारे किरण ती घेते आणि नारिंगी उजेड देते. रक्तातलं शिसं रक्त तपासूनच कळतं."

"पूड तूच दिलीस," मास्तर पुटपुटले. "लोकांना धीर हवा होता, मी दिला."

"धीर दिलात आणि पोरीचं औषध काढून घेतलंत!" मला रडू आवरेना.

रुमेनानं यानाला उचललं आणि दवाखान्याची बस गाठली.

ज्यांनी मला पुरावा मागायला शिकवलं, त्यांच्याकडेच तो मागायची वेळ आली. तुम्हीही मागा. माणूस जितका आवडता, तितका आधी मागा.