लांब राहिलेली दोरी

मी धनपतीकाकीच्या गोठ्यातली मुऱ्हा वगार बोलतेय. हरियाणातल्या जींदकडची, काळी कुळकुळीत, शिंगं जिलेबीसारखी वळलेली. आणि माझा दात कुणावर आहे तेही सांगून टाकते: सूबेसिंह इंजेक्शनवाल्यावर.

मी आणि भूरी एकाच पावसाळ्यात जन्मलो, एकाच गव्हाणीत वाढलो. तीन वर्षं झाली तरी दोघींचा माज काही दिसेना. आम्हा म्हशींचा माज मुका, उन्हाळ्यात तर विचारूच नका. काकीला घोर लागला.

"काळजी सोड, काकी!" सूबेसिंह म्हणाला. "आत औषधाची कांडी ठेवतो, सातव्या दिवशी काढतो, वर सुया टोचतो. दोघी एकाच दिवशी माजावर आल्या नाहीत तर मिशी उतरवीन!"

कांडीला दोरी असते, ती शेपटीखाली बाहेर लोंबते. ती आखूड कापायची असते. या आळशानं लांबच ठेवली, काढायला सोपी म्हणून. आता आम्ही वगारी, लोंबेल ते चघळणारच! भूरीची दोरी मीच ओढली. खोटं कशाला बोलू? कांडी मुदतीआधीच बाहेर येऊन शेणात पडली.

सातव्या दिवशी त्यानं ती पाहिली, गुपचूप खिशात घातली आणि काकीला चकार शब्दानं सांगितलं नाही. सुया दोघींना टोचल्या, रेतनही दोघींना केलं. मी गाभण राहिले. भूरी नाही; कांडीच आत टिकली नाही, तर माज येणार कुठून?

"हिची पिशवीच खराब, काकी. जन्माची भाकड. विकून टाक."

"अरे मेल्या, आणखी एकदा कांडी घालून बघ की!"

"दगडाला पालवी फुटते होय?"

व्यापाऱ्याचा टेम्पो आला. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. काकीनं भूरीचं दावं सोडून खुंटीला टांगलं आणि तोंडाला पदर लावून रडली. भूरी माझ्याकडे बघून रेकत होती. दोरी ओढली मी, लांब ठेवली त्यानं, आणि गेली ती!

परवा तो मला तपासायला आला. खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. अशी लाथ हाणली, की गडी शेणात उताणा!

"काकी, ही मारकी झालीय! हिलाही विक!"

"गाभण म्हैस विकू? डोकं फिरलंय का तुझं? ऊठ, हात धू, आणि पुढच्या महिन्यात परत ये."

काकीला खरं अजून ठाऊक नाही. मला सांगता येत नाही, लाथ तेवढी मारता येते. पोटात रेडकू आहे तोवर मला कुणी काठीसुद्धा लावणार नाही, आणि व्यायला अजून पाच महिने आहेत. गावात दुसरा इंजेक्शनवाला नाही.

ये, सूबेसिंहा, ये. तुला माझ्या मागेच उभं राहावं लागतं.