पुसणी

बर्फावरच्या स्केटिंगमध्ये मास्तरांनी तीनदा अजिंक्यपद मिळवलं होतं, त्यांच्या साडूंनी एकदाच. पण लोकांना आठवायचे ते साडूच, आणि तेही एका पुसणीमुळे.

पुसणी म्हणजे उडीवरून उतरताना खाली वाकायचं, ओट्यावर फडकं फिरवावं तसा हात बर्फावरून फिरवायचा आणि त्याच गिरकीत वर यायचं. साडूंनी ती केली तेव्हा सगळं प्रेक्षागृह उठून उभं राहिलं होतं. तेव्हापासून पोरंटोरं पुसतच सुटलीत. मास्तरांच्या उड्यांना मात्र कुणी साधं टोपणनावही दिलं नव्हतं.

आता रिंकच्या वाढदिवसाला मुलं एकेका जुन्या विजेत्याचा नाच करणार होती. मास्तरांच्या नातीने बुटाच्या नाड्या आवळता आवळता सांगून टाकलं, "मी मोठ्या आजोबांचा करणार, पुसणीवाला."

मास्तर फणकारले. "का? घरातला आजोबा मेला की काय?"

"तुमचं काही चुकतच नाही हो. लक्षात काय राहणार?"

"अगं, ती पुसणी म्हणजे पडता पडता टेकलेला हात आहे! मी कठड्याशी उभा होतो, या डोळ्यांनी पाहिलंय."

इतकी वर्षं राखून ठेवलेलं हे अस्त्र फुसकंच निघालं.

"माहितेय. त्यांनीच सांगितलं, हसत हसत. म्हणाले, नीट कशी करायची ते तुझ्या आजोबांना विचार, मला अजून जमत नाही."

म्हणजे मोठेपणाही त्यांनीच खिशात घातला!

बाकावर बायको थर्मासमधून कॉफी ओतत होती. "शिकवा की. भावोजी एवढं म्हणतायत तर."

धुसफुसत मास्तर बर्फावर उतरले. छोटीशी उडी, वाकणं, हात, गिरकी.

"फारच नीट झालं," नात म्हणाली. "जरा पडल्यासारखं करा ना."

त्यांनी पुन्हा केलं. तिने पुन्हा नाक मुरडलं. चिडून घेतलेल्या पुढच्या उडीत मात्र बुटाचं पातं खरंच सटकलं, हात जिवाच्या आकांताने बर्फावरून फिरला आणि मास्तर कसेबसे उभे राहिले.

बाकावरून टाळ्या आल्या. "अगं बाई! अगदी भावोजींसारखं!"

धाप ओसरल्यावर मास्तरांनी नातीला जवळ ओढलं.

"आता तू कर. पण उतरताना डावा खांदा माझ्यासारखा ठेव. हवं तर कुणाला सांगू नकोस. पण माझ्यासारखा."