काडेपेटीभर वर

किटलीचं झाकण खडखडलं तशी नेली उठली. स्वयंपाकघरातल्या टेबलापासून दूर व्हायला तिला तेवढं निमित्त पुरे होतं.

टेबलापाशी तिचे प्रयोगशाळाप्रमुख वेनिअमिन ल्वोविच बसले होते. दुखऱ्या कमरेला लोकरी शाल, पायांत पाहुणा म्हणून दिलेल्या नेलीच्या नवऱ्याच्या सपाता. पुढ्यात तिने तीनदा खोडून पुन्हा केलेली आकडेमोड आणि तिच्यावर एक छायाचित्र: काळोखात लाल ठिपका.

"इलेक्ट्रॉन लाल म्हणतात, तू निळा म्हणतेस. मी कुणाचं ऐकू?"

"पुन्हा एकदा करून बघते."

"शोधनिबंध उद्याच्या टपालाने मॉस्कोला जायचाय. तुझं गणित वगळून पाठवतो. मनाला लावून घेऊ नकोस. बाळंतपणानंतर माझी बायकोही सुपात मिठाऐवजी साखर घालायची."

नेलीने चहा ओतला. तिच्या बाळंतपणाला पाच वर्षं झाली होती आणि ते आत्ता टेबलाखाली बसून चित्र रंगवत होतं.

"काका, इलेक्ट्रॉन म्हणजे काय?" आस्याने खालून विचारलं.

"स्कीवाले, बाईसाहेब. भयंकर जोरात येतात. वाटेत आम्ही चुंबकं मांडलीत, एक उलटं, एक सुलटं. मग बिचारे डावीकडे, उजवीकडे वळत पळतात. वळणावर बर्फ उडतो ना, तसा त्यांच्यातून प्रकाश उडतो. लाल."

"मध्ये निळा," आस्या म्हणाली. "लाल कडेकडेनं."

मुरंब्याच्या बरणीवर नेलीचा हात थांबला. शुक्रवारी गालफुगीच्या साथीमुळे बालवाडी बंद होती आणि तिने आस्याला गुपचूप प्रयोगशाळेत नेलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?" प्रमुखांनी विचारलं.

"मी बघितला. पत्र्याच्या भोकातून लालच दिसतो. पण आईच्या प्रयोगशाळेतल्या सेन्याकाकांनी पत्रा काढून कागद धरला. मोठं गोल आलं. त्याच्या पोटात निळं."

वेनिअमिन ल्वोविचनी तोंडाशी नेलेला चमचा खाली ठेवला. तो भोकाचा पत्रा त्यांनीच बसवला होता.

"पत्र्याखाली काय ठेवलंत?" नेलीने हळूच विचारलं.

"काडेपेटी." त्यांचा हात कमरेवर गेला. "भोकातून बघताना बोटभर कमी वाकावं लागतं."

चुंबकांपासून दहा मीटरवर बोटभर म्हणजे मधला प्रकाश चुकलाच. आणि मध्यापासून जितकं दूर सरकावं तितका तो लालीकडे झुकतो, हे दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर तेच शिकवत. नेलीने साखर त्यांच्याकडे सरकवली.

"प्रयोगाच्या खोलीत कुणी मूल आणल्याचं माझ्या कानावर नाही," चहात साखर ढवळत ते म्हणाले.

"माझ्याही कानावर काडेपेटी नाही."

"मग टपाल परवाचं धरू. गणित राहील. उद्या नवं छायाचित्र काढू. लिही: मांडणी सुधारल्यावर मध्यभागी प्रथमच निळा प्रकाश आढळला."

नेली लिहू लागली. आस्या टेबलाखालून बाहेर आली आणि तिच्या कोपरावर हनुवटी टेकवून अक्षरं बघत राहिली.

"आई, कुणाला आढळला म्हणून लिहिलंस?"